एका पाडव्याच्या भरवशावर घर ठरवायचं का?

पत्र डोंबिवली पूर्वेच्या एका मैत्रिणीचं आहे. नाव देत नाही, पण गाव सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून तेवढं सांगते. वय 47. वडील 1974 साली गिरगावातली चाळीतली खोली सोडून इथे वन रूम किचनचा ब्लॉक घेऊन आले, हिचा जन्म इथला, शाळा इथली, लग्न झालं तेही तीन गल्ल्या सोडून. आता सासरची तीन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, तीन वर्षं तरी भाड्याने राहावं लागणार. नवऱ्याचं म्हणणं असं की आत्ताच कल्याण-शीळ रोडवरच्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने जाऊ, तिथेच एक फ्लॅट बुक करू आणि इथला नवा फ्लॅट हातात आला की विकून टाकू. पुढच्या महिन्यात टोकन द्यायचंय. हिनेही हो म्हटलं होतं, कारण गेली आठ-दहा वर्षं हे गाव आपलं राहिलंच नाही असं तिला वाटत होतं. "रस्त्यात एक ओळखीचा चेहरा दिसत नाही, सगळे नवीन, रिक्षातून उतरले की क्षणभर कुठे आलोय तेच कळत नाही."

आणि मग यंदा पाडव्याच्या आदल्या रात्री ऑफिसातून उशिरा परत येताना फडके रोडला स्वागतयात्रेची रांगोळी चालू होती, त्यातल्या एका मुलीने "काकू, ही चाळणी जरा धरता का" म्हणून हिच्या हातात चाळणी दिली, ही दोन मिनिटांसाठी म्हणून बसली ती रात्री अडीचला उठली. सकाळी यात्रेत चाललीही. तेव्हापासून टोकनचा विषय निघाला की पोटात गोळा येतो. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एका दिवसाचं काय धरून बसलीस, बाकीचे 364 दिवस बघ ना." तिचा प्रश्न: हे खरं प्रेम आहे की नुसत्या जुन्या आठवणी? आणि त्याच्या जोरावर नवऱ्याला नाही म्हणायचं का?

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात घराबद्दल दीड पान आहे आणि रांगोळीबद्दल चार ओळी, पण मी त्या चार ओळी परत परत वाचल्या. दोन दिवस नखांत गुलाबी रंग होता आणि तुम्ही तो मुद्दाम घासून काढला नाहीत, पाडव्याला श्रीखंड वाढतानाही तसाच होता आणि सासूबाईंनी हाताकडे बघून काहीच विचारलं नाही, हसल्या फक्त. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला वाटतं पत्राचा जीव तिथे आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. तुम्हाला जे वाटलं ते खरं होतं. माणूस ढोल ऐकून भारावतो, गर्दीत वाहवत जातो, ते सगळं होतं, पण ती सकाळची गोष्ट झाली. तुमची गोष्ट त्याच्या आदल्या रात्रीची आहे, तेव्हा ना ढोल होते ना चित्ररथ, नऊवारी नेसून बाइकवर बसलेल्या मुलीही नव्हत्या. रिकामा रस्ता, मधे खडूने आणि दोरीने काढलेलं मोठं वर्तुळ, गुडघे दुखतायत, आणि चाळणी हलक्या हाताने हलवत रंग सारखा पसरायचा, कुठे दाट कुठे विरळ होऊ द्यायचा नाही, मग त्यावर कोणीतरी पाच बोटांतून पांढरी रेघ सोडत जाणार. तुम्ही लिहिलंय की शंख आणि गोपद्म तुम्हाला ओळखता आले पण सर्परेषा म्हणजे काय ते त्या मुलीने शिकवलं. वाहवत गेलेलं माणूस सर्परेषा शिकत बसत नाही हो. तीन तास तुम्ही काम करत होतात.

फक्त मला एक शंका आहे, ती जरा मोकळेपणाने मांडते. "माझी जुनी डोंबिवली मला परत भेटली" असं तुम्ही लिहिलंय. खरंच जुनी भेटली का?

आठवून बघा. नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत पहिल्यांदा निघाली ती 1999 साली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने, आणि मग ती कल्पना ठाण्यात, गिरगावात, पुढे कुठे कुठे पोचली. 1999 ला तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात, म्हणजे तुमच्या लहानपणी ही यात्रा नव्हतीच. पाडवा होता, घरावर गुढी होती, 1924 सालापासूनचं गणेश मंदिर होतं, पण रस्ताभर लोक, लेझीम, पालखी, हे सगळं तुमच्या डोळ्यादेखत सुरू झालेलं. तेव्हा ते नवीन होतं. आज तुम्हाला ते "पूर्वीपासूनचं" वाटतं कारण तुम्ही त्याच्यासोबत वाढलात, आणि हे मी काही तुमची चूक काढायला सांगत नाहीये, उलट यात मला तुमच्यासाठी एक चांगली बातमी दिसते: जे नवीन होतं ते पंचवीस-सव्वीस वर्षांत तुमचं झालं, इतकं की त्यात तुम्हाला आता बालपण दिसतं.

आणि चाळणी हातात देणारी ती मुलगी. ती नव्या टॉवरमधली, आई-वडील चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी विदर्भातून इथे आलेले असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या नव्या माणसांमुळे गाव परकं झालं असं तुम्ही पहिल्या पानावर म्हणताय, त्यांच्यातल्याच एकीने शेवटच्या पानावर तुम्हाला गावात परत बसवलंय, अगदी शब्दशः, रस्त्यावर मांडी घालून. जुनी डोंबिवली भेटली ती त्या आजोबांच्या रूपाने, ज्यांनी बिल्डिंगचं नाव ऐकून "म्हणजे मास्तरांची मुलगी का तू" असं विचारलं. दोघंही तिथे होते, एकाच वर्तुळाच्या दोन बाजूंना. मला नाही वाटत तुमचं मन फक्त आजोबांमुळे भरून आलं.

आता जरा माझं सांगते, कारण "पूर्वी सगळे ओळखीचे होते" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हटलंय, अगदी छातीवर हात ठेवून. मी गिरगावातल्या फणसवाडीच्या बाजूची, चाळीतली. चाळ पडली, आम्ही उपनगरात गेलो, आणि दर गणपतीत मी एक दिवस जाऊन जुन्या मंडळात उभी राहायचे आणि घरी रडवेली होऊन यायचे. मंडपात नवीन पोरं, कोणी ओळखत नाही, प्रसाद हातावर ठेवतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. मग एका वर्षी तिथल्या एका मुलाने कपाटातून वर्गणीची जुनी वही काढून दाखवली. लांब, लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर श्री, आणि खाली खोली नंबराप्रमाणे नावं आणि आकडे, कुठे दोन रुपये, कुठे पाच, कुठे नुसतं "नंतर देतो". मी आमची खोली शोधली, सापडली, बाबांची सही होती. मग शेजारच्या खोल्या बघत गेले. आमच्या शेजारची, जिथे माझ्या मैत्रिणीचं घर "कायमचं" होतं, त्या एका खोलीच्या पुढे वीस वर्षांत चार वेगवेगळी आडनावं होती! समोरच्या खोलीत तीन. मला आठवत होती ती फक्त माझ्या आठ ते अठरा या वयातली आडनावं. बाकीची माणसं येऊन राहून निघूनही गेली होती आणि माझ्या आठवणीने त्यांना धरलंच नव्हतं. चाळ काही थांबलेली नव्हती, मी एका ठराविक वयात तिचा फोटो काढून ठेवला होता.

गिरगावातली नावं बघा ना. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, खेतवाडी. आम्ही ज्या चाळींसाठी हळहळतो त्या उभ्या राहायच्या आधी तिथे वाड्या होत्या, झाडं होती, शेतं होती, आणि नावात ती अजून शिल्लक आहेत. त्या झाडांसाठीही कोणी तरी हळहळलं असणार. त्याच गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव बसला. तेव्हा तोही अगदी नवा प्रकार होता, घरातला देव चौकात आणायचा! आज आपण त्याला परंपरा म्हणतो.

आणि तुमचे वडील. 1974 साली ते डोंबिवलीत आले तेव्हा तेही बाहेरचेच होते, मुंबईत जागा परवडेना म्हणून लोकलच्या भरवशावर इकडे आलेल्या हजारो माणसांतले एक. त्यावेळच्या जुन्या गावकऱ्यांना, ज्यांच्या विहिरी आणि भाताची खाचरं जाऊन या बिल्डिंगी आल्या, त्यांना तुमचे वडील कसे दिसले असतील? पुढे ते मास्तर म्हणून ओळखले गेले, इतके की पन्नास वर्षांनी एक आजोबा मध्यरात्री रस्त्यात त्यांचं नाव काढतात. ते आपोआप झालं नाही. शिकवण्या घेतल्या असतील, कोणाच्या मुलांची फी भरली असेल, दहा बैठकांना जाऊन बसले असतील. मला वाटतं ती ओळख वडिलांनी कमावली आणि तुम्हाला ती जन्मतः मिळाली, म्हणून ती विरळ व्हायला लागली तेव्हा ती पुन्हा कमवावी लागते हे तुमच्या लक्षात आलं नाही. हे जरा कडक वाटेल, पण दोष देत नाहीये, माझंही हेच झालं होतं.

असं असलं तरी तुमचं दुःख खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. काही गोष्टी खरंच जातात. बैठी घरं आणि अंगणं जातात, झाडं जातात, गच्चीवर पापड वाळत घालायची सोय जाते, आणि जिन्यात बसून गप्पा मारणारी माणसं लिफ्टमध्ये मोबाइल बघायला लागतात. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या घरात होती, त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघताय. इतक्या माणसांत जुने चेहरे शोधायला गेलं तर माणूस थकणारच. आणि मधली ती दोन वर्षं विसरू नका, 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, देशभरच्या लॉकडाउनचा पहिलाच दिवस. दारातली गुढी आणि खाली सुनसान रस्ता. पुढचं वर्षही तसंच गेलं, 2022 ला पाडव्याच्याच मुहूर्तावर राज्यातले निर्बंध उठले आणि रस्त्यावर परत माणसं आली. त्या दोन वर्षांत कित्येक जुनी माणसं कायमची गेली, आणि त्यांचं जाणं आपण नीट रडलोही नाही. "आठ-दहा वर्षांपासून गाव परकं वाटतं" असं तुम्ही लिहिता, त्यात या दोन वर्षांचा, आणि तुमच्या आईच्या जाण्याचा वाटा किती, हे एकदा शांतपणे बघाल का? पत्रात आईचा उल्लेख एकाच वाक्यात आहे, कंसात. कधीकधी माणूस गेल्याचं दुःख आपण गावाच्या नावावर मांडतो.

आता तुमच्या मिस्टरांकडे येते. मला त्यांचं "364 दिवस बघ" हे म्हणणं उडवून लावावंसं वाटत नाही. त्यांनी तीन कारणं दिलीत: लोकलची गर्दी, एमआयडीसी, आणि गेल्या वर्षी सासूबाई पडल्या तेव्हा गल्लीत गाड्या लावलेल्या असल्याने ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली आणि त्यांना तीन जिने खुर्चीवर बसवून खाली आणावं लागलं. ज्या माणसाने स्वतःच्या आईला खुर्चीवरून तीन जिने उतरवलंय त्याला "पण रांगोळी किती सुंदर होती" हे उत्तर पुरणार नाही. आणि एमआयडीसीची भीती काही मनाचे खेळ नाहीत, मे 2016 आणि मे 2024, दोन्ही वेळा केमिकल कंपन्यांतल्या स्फोटांनी माणसं दगावली, लांब लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. गावावर प्रेम आहे म्हणून या गोष्टी गिळायच्या असतात असं मला वाटत नाही. उलट प्रेम असलेलं माणूसच ॲम्ब्युलन्स आत का येत नाही यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतं.

त्यामुळे माझं म्हणणं असं की तुम्ही दोन प्रश्नांची एकच गाठ मारून ठेवलीय, ती सोडवा. घर कुठे घ्यायचं हा एक प्रश्न, आणि या गावाशी माझं नातं काय हा दुसरा. डोंबिवलीत राहूनही गाव परकं वाटू शकतं, तुम्ही ते आठ-दहा वर्षं अनुभवलंय, आणि शीळ रोडला राहूनही दर पाडव्याला चाळणी धरता येते, काही लांब नाहीये ते. प्रेम सिद्ध करायला फ्लॅट अडकवून ठेवायची गरज नाही, तसंच गैरसोयींमुळे फ्लॅट विकला तर प्रेम खोटं ठरत नाही.

घराचं आधी बोलू, कारण तारीख जवळ आलीय. माझा सल्ला, टोकन आत्ता देऊ नका. विकायचं की नाही हे ठरवायला तुमच्याकडे तीन वर्षं आहेत, तो नवा फ्लॅट अजून कागदावर आहे, मग आजच कायमचं ठरवायची घाई कोणाला आहे? रेरा कायद्याप्रमाणे रजिस्टर्ड करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे खरं, पण आपल्यासारख्या पगारदार घरात थोडी रक्कम गेली तरी मन तिथेच बांधलं जातं आणि मग उरलेला विचार आपण टोकन वाचवायला करतो. त्यापेक्षा असं करा, मिस्टरांना ज्या कॉम्प्लेक्समध्ये जायचंय तिथेच 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर भाड्याने राहून बघा. मनापासून राहा, परीक्षा घ्यायला नको. पावसाळा बघा तिथला, सकाळी सात वाजता स्टेशनला पोचायला किती वेळ लागतो ते बघा, सासूबाईंना संध्याकाळी बोलायला कोणी मिळतं का ते बघा. त्यांना लिफ्ट मिळेल, मोकळी हवा मिळेल, कदाचित त्या खूश होतील आणि तुमचा अर्धा विरोध गळून पडेल. किंवा तीन महिन्यांत त्याच म्हणतील की मला माझ्या देवळाजवळ परत न्या. त्यांचं मत पत्रात कुठेच नाहीये, खरं तर जिने त्यांचे, गुडघे त्यांचे. आणि हो, जुनी जागा रिकामी करण्याआधी रिडेव्हलपमेंटमधल्या नव्या फ्लॅटचा तुमच्या नावाचा करार रजिस्टर झालाय ना, बिल्डरकडून मधल्या काळाचं भाडं किती आणि कधी मिळणार हे त्यात लिहिलंय ना, हे स्वतः वाचा, सेक्रेटरींनी वाचलंय म्हणून सोडू नका. राहायचं असो की विकायचं, हा कागद लागणारच.

मिस्टरांशी बोलताना "मला जायचं नाहीये" इथून सुरू करू नका. त्यांना ती रात्र सांगा, नीट, जशी मला लिहिलीत तशी. मला वाटतं त्यांना फक्त "यात्रा छान होती" एवढंच ऐकू आलंय. आणि त्यांना विचारा की या गावातलं त्यांना काय आवडायचं. पत्रावरून दिसतं की तेही इथलेच, म्हणजे दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून फडके रोडला उभे राहिलेलेच असणार, मोबाइल नव्हते तेव्हा कोण कुठे भेटणार हे न ठरवताही सगळे तिथेच भेटायचे. कंटाळा बहुतेक गावाचा नसतो हो, रोजच्या प्रवासाचा असतो. चौदा तास बाहेर असणाऱ्या माणसाला गाव म्हणजे स्टेशन ते घर एवढंच उरतं, आणि तेवढा तुकडा कुठल्याही गावाचा बघण्यासारखा नसतो.

आता दुसरा प्रश्न, नात्याचा. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सण तुम्हाला दार उघडून देतो, पण वर्षातून एका दिवसावर सगळा भार टाकलात तर पुढच्या पाडव्याला पाऊस पडला, किंवा ती मुलगी आली नाही, किंवा नुसतेच बॅनर आणि सेल्फी दिसले, की तुम्ही परत म्हणाल गेलं ते गाव. म्हणून दोन-तीन गोष्टी, साध्याच. एक म्हणजे पुढच्या वर्षी बघायला जाऊ नका, काम मागा. यात्रेच्या तयारीच्या बैठका आधीपासून सुरू होतात, वेगवेगळ्या संस्था आपापला भाग उचलतात, आणि कामाला माणसं कायम कमी असतात. रांगोळीचं सामान आणायचं, पाण्याची व्यवस्था बघायची, यात्रा गेल्यावर रस्त्यावरचे ग्लास उचलायचे, काहीही. मी त्या जुन्या मंडळात रडवेली व्हायची थांबले ती वही बघितली त्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी, जेव्हा त्यांनी मला प्रसादाच्या पुड्या बांधायला बसवलं आणि तीन तासांनी एक पोरगी म्हणाली की काकू तुमच्या पुड्या सुटत नाहीत, आम्हाला दाखवा ना. तेव्हापासून मला तिथे नावाने हाक मारतात. पाहुणी म्हणून गेलं की माणूस काय हरवलं ते मोजत बसतं, कामाला बसलं की मोजायला वेळच मिळत नाही.

पण यात्रा वर्षातून एकदा, म्हणून दुसरी गोष्ट आठवड्याची. एक वार धरा, एक रस्ता धरा. दर मंगळवारी संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा न करता चालत या, शक्यतो त्याच वेळेला, त्याच बाजूने. भाजी एकाच बाईकडून घ्या. दोन महिन्यांत ती तुम्हाला "परवा आला नाहीत" म्हणेल, आणि हे एक वाक्य, तुम्हाला सांगते, गाव आपलं असल्याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. शीळ रोडला राहायला गेलात तरी स्टेशन तेच राहणार आहे, हा रस्ता सुटणार नाही.

तिसरं तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्याला जुन्या गोष्टी सांगायला लागलं की तो उठून जातो. सोळा वर्षांचा आहे ना? त्याला एकदा सांगू नका, विचारा. तुझी डोंबिवली दाखव म्हणा मला, आणि एका रविवारी त्याच्या मागे जा. तो तुम्हाला बहुतेक ठाकुर्लीच्या 90 फुटी रोडला नेईल, कुठल्यातरी टर्फवर, वडापावच्या गाडीवर, एखाद्या पार्किंगच्या कट्ट्यावर, आणि तुम्हाला त्यात काही दिसणार नाही, पण तीस वर्षांनी तो त्या कट्ट्यासाठी हळहळणार आहे. तुमचं बालपण विहीर आणि मैदानात होतं तसं त्याचं तिथे आहे. ते बघितलंत की नव्या गावावरचा तुमचा राग बराच उतरेल, कारण ज्यावर तुम्ही चिडलाय तेच तुमच्या मुलाचं गाव आहे.

एक गोष्ट सणाच्या बाजूने बोलताना लपवायची नाहीये. सगळ्यांनाच रस्त्यावरचा सण सुखाचा नसतो. लहान बाळ असलेलं घर, आजारी माणूस, परीक्षा असलेली मुलं, त्यांना ढोलताशे दारात आले की त्रासच होतो. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायचे असतात, हे नियम 2000 सालापासूनचे आहेत आणि ते पाळायला लावणारी माणसंही सणाचीच माणसं असतात. तुम्ही आत शिराल तेव्हा हे बोलणारी एक बाई आत असेल, हा मला फायदाच वाटतो.

असंच पत्र मला बऱ्याच जणांकडून येतं, कोणी शिकायला बाहेर गेलेलं आणि परत आलेलं, कोणी लग्न होऊन नव्या शहरात पडलेलं, कोणी भाड्याच्या घरात दर दोन वर्षांनी फिरणारं. त्यांच्या गल्लीत यात्रा नसेल, ढोल नसतील. त्यांनीही हेच करून बघावं असं मला वाटतं, जिथे चार माणसं मिळून हाताने काही करतायत तिथे जाऊन दोन मिनिटं थांबायचं आणि "मी काही करू का" म्हणायचं. गर्दी सोसत नसेल तर आदल्या रात्री जा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आवरायला. तिथे कमी माणसं असतात आणि जास्त बोलणं होतं. भाडेकरू असाल तर "आम्ही काय, आज इथे उद्या तिथे" हे वाक्य सोडून द्या. माझ्या त्या वर्गणीच्या वहीत दोनच वर्षं राहिलेल्या एका भाडेकरूचं नाव आहे आणि त्याच्यापुढे लिहिलंय, मखराचं काम केलं.

बाकी तुमचा निर्णय काय होईल ते मला कळवा, आणि 11 महिने संपल्यावर परत लिहा, मी खरंच वाट बघेन.

हां, एक राहिलंच. सगळं पत्र वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आजोबांचं आडनाव तुम्ही लिहिलंय, जुन्या बिल्डिंगचं नाव लिहिलंय, रंग कोणता तेसुद्धा लिहिलंय, पण त्या मुलीचं नाव कुठेच नाहीये. तीन तास शेजारी बसून विचारायचं राहून गेलं का? रांगोळीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, आजोबांना विचारा, ते देतील नंबर. तिला फोन करा आणि नाव विचारून घ्या.